तिरप्या पंखाचे विमान

१९ जून २०२५, गुरुवार

सरकारी वकील मॅडमनी आज सांगितले की आठवते ते सगळे एका वहीत लिहून ठेवा. उलटतपासणीत आरोपीचा वकील कोण कुठे उभे होते, किती अंतरावर होते असे विचारून माणसाला गोंधळवतो. मी म्हणालो, मी सव्वीस वर्षे बांधकाम खात्यात अनुरेखक आहे, नकाशे उतरवणे हेच माझे काम, अंतरात मी चुकणार नाही. त्या म्हणाल्या, तरी लिहा हरिभाऊ. म्हणून ही वही.

२ सप्टेंबर २०२४. पोळा. आमचे गाव आंजी. मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधले होते. लागूनच आमचा गोठा, त्यापुढे आमची बंडी, म्हणजे बैलगाडी, सोडून ठेवलेली. मी पिपरीहून सणाला गेलो होतो. माझा थोरला भाऊ हेमराजदादा, त्याची पांढरी जोडी रांगेत तिसरी होती. शेजारच्या शेताचा रोशन पाचवा. त्याने आपले बैल आमच्यापुढे घातले. म्हणाला, "हेमराजभाऊ, मागच्या साली तुमचा मान झाला. आता जरा मांगं सरका." दादा हसला. म्हणाला, "जाऊ दे बे, बैलाले काय समजते मान." मी हसलो नाही. मी रोशनला आईवरून शिवी दिली. मी शिव्या देत नाही. त्या दिवशी दिली.

रोशनने आमच्याच बंडीची उभारी उपसली. मॅडम पुण्याकडच्या आहेत, त्यांना उभारी माहीत नव्हती. माल सांडू नये म्हणून बंडीच्या कडेला जे जाड दांडे उभे खोवतात, त्यातला एक. त्याचा पहिला घाव आमच्या बैलाच्या तोंडावर बसला. रक्त उडाले. बैल दावे तोडून गर्दीत घुसला, लोक पळाले, धुळीत काही दिसेना. दुसरा घाव माझ्या खांद्यावर. मग मी दुसरी उभारी उपसली, दोन्ही हातांनी मधोमध धरली आणि जीव खाऊन फिरवली. रोशन खाली वाकला. माझा वार वाया गेला. डाव्या हाताला मात्र जबर झटका बसला. उभारी बंडीच्या चाकाला लागली असावी. वळून पाहिले तर दादा मातीत पडलेला. उजव्या कानाच्या वर हाड आत गेले होते. तो पाय झाडत होता. दवाखान्यात नेईपर्यंत पाय थांबले.

रोशनने मारले. त्याच्या आणि माझ्या हातात होत्या त्या सोडून तिसरी उभारी कोणाच्या हातात नव्हती.

माझा वार वाया गेला याचेच मला वर्षभर वाईट वाटत आले आहे. लागला असता तर रोशन पडला असता आणि दादा उभा राहिला असता.

२२ जून, रविवार

मी विमानांच्या प्रतिकृती करतो. वीस वर्षे झाली. कोणाला दाखवत नाही. लग्न केले नाही, त्यामुळे घरात विचारणारेही कोणी नाही. दादाला तेवढे माहीत होते. तो म्हणायचा, "घरात कोंडून काय करतं बे त्याईले? तान्ह्या पोयात आन. पोरं लाकडाचे बैल आनतात, तू विमान आन." मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायचो.

या वर्षी नेणार आहे. गेल्या उन्हाळ्यात एका विमानाचा सांगाडा करून ठेवला होता. अमेरिकेत १९७९ ते ८२ एवढीच वर्षे उडवलेले प्रायोगिक विमान. त्याचा पंख एकच, सलग, आणि पाठीवर एका खिळ्यावर बसवलेला. हवेत असताना तो पंख कात्रीसारखा तिरपा करता यायचा, साठ अंशांपर्यंत. मी एकास दहा या प्रमाणात करतो आहे. लांबी ११८ सेंटिमीटर, पंख साडेअठ्ठ्याण्णव. पंखाच्या आतून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कणा हवा. त्यासाठी सरळ आणि वाळलेले लाकूड लागते.

ते मला आज आंजीला मिळाले. बंडीच्या डाव्या कडेची उभारी. तिवसाच्या लाकडाची, दादाने स्वतः तासलेली. मी त्या दिवशी हातात घेतली होती तीच. पोलिसांनी रोशनच्या हातातली जप्त केली, ही बंडीलाच राहिली.

वर्षाली वहिनी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

"ती काऊन नेता, भाऊजी?"

मी सांगितले.

त्यांनी उभारीच्या टोकाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सहा हाय बंडीले. दुसरी न्या ना."

मी म्हणालो, हीच सरळ आहे. त्यांनी पदर तोंडाला लावला. दादाची आठवण झाली असेल.

२८ जून, शनिवार

दिवसभर रंधा मारला. तिवस लवकर सोडत नाही. प्रत्येक फटक्याला रोशनचे तोंड पुढे आणतो, मग हात चालतो. नाक सोलले, गाल सोलले. दुपारी पाते निसटून डाव्या अंगठ्याचे मांस उडाले. रक्त भुशावर पडले. मला बरे वाटले.

लाकडाच्या एका टोकाला काळा डाग आहे. दोन मिलिमीटर सोलले तरी जाईना. वंगण असावे. तिथेच एक बारीक चीर आहे आणि चिरेत एक काळा केस अडकला होता. ओढला तर तुटला. बैलाचा असेल. चीर पुट्टी भरून बुजवली. हे टोक डाव्या बाजूला येईल.

६ जुलै, रविवार

वर्धेच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर रोशनचा साळा भेटला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, भाऊजी दहा महिन्यापासून जेलात सडून राह्यले. तुमी खरं सांगा ना."

मी चहाचा घोट घेतला.

"बोला ना. का कागदावरच बोलता येते?"

मी टेबलावरची किटली उचलून त्याच्या तोंडावर हाणली. त्याचे दोन दात पडले, चहाने गळा भाजला. तो खाली बसला तरी मी मारत होतो. लोकांनी ओढले तेव्हा दिसले की टपरीवाल्याची भुवई फाटली आहे आणि डोळा रक्ताने भरला आहे. मी विचारले, याला कोणी मारले? एक जण म्हणाला, "तुमीच, साहेब. किटली मांगं नेताना. जरा मांगं पाहात जा ना."

मला काहीच कळले नव्हते. टपरीवाल्याची माफी मागितली. त्याला टाके पडले. साळ्याची माफी मागितली नाही.

१३ जुलै, रविवार

मॅडमना द्यायला जागेचा नकाशा काढला. एकास पन्नास. तोरण, बंडी, गोठा, दादा, रोशन, मी.

नकाशा जुळत नाही. दादा माझ्या डाव्या हाताला, थोडा मागे पडला. रोशन माझ्या समोर होता. दादाची जखम उजव्या कानावर. समोरून उजव्या हाताने मारणाऱ्याचा घाव डाव्या बाजूला बसायला हवा. आणि रोशनची उभारी माझ्या अंगावरून जाऊन दादापर्यंत पोचतही नाही, दीड फूट कमी पडते. तीनदा मोजले.

म्हणजे धुळीत रोशन माझ्या बाजूने फिरून मागे गेला असणार. मी त्याला मागे नेऊन काढले. आता जुळते. खोडलेल्या जागी कागद जरा खरबरीत झाला आहे, पण छायाप्रतीत दिसणार नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

पंख तयार. कण्यावर पातळ पट्ट्या बसवल्या आणि वरून ट्रेसिंगचा कागद ताणून चिकटवला. उजेडासमोर धरला की आतली उभारी दिसते. पाठीवरच्या खिळ्यासाठी जुन्या पंख्याची बेअरिंग वापरली. बोटाने ढकलले तरी फिरते. उजवे टोक पुढे ढकलले की डावे तेवढेच मागे येते. एकच लाकूड असल्यामुळे दुसरे काही होऊच शकत नाही. तासभर तेच करत बसलो. का ते सांगता येत नाही. मग विमान झाकून ठेवले.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी दार वाजले. रोशनची आई, जयवंताबाई. आंजीहून एसटीने एकटी आलेली. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"हरिभाऊ, मी भांडाले नाई आली. एकच इचारतो. माह्या पोरानं मारलं, हे तुमी डोयानं पाह्यलं काय?"

मी म्हणालो, पाहिले.

"हेमराजले लागताना पाह्यलं?"

मी म्हणालो, जा.

"बैलाले मारलं त्यानं, तुमाले मारलं, ते म्या पाह्यलं. त्याची सजा त्याले होऊ द्या. पन हेमराज त्याले लहानपनी खांद्यावर घेऊन फिरे, बापा. त्याले कसा मारन?"

ती उंबऱ्याच्या आत पाय टाकत होती. मी तिला ढकलले. दोन पायऱ्या खाली ती हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तिने आरडाओरड केली नाही. डाव्या हाताने शेंगा गोळा केल्या, पिशवी पायरीवर ठेवली आणि गेली. शेजारच्या कमलाबाई गच्चीवरून पाहत होत्या. त्यांनी नंतर विचारले, "कोण होती हो?" मी म्हणालो, कोणी नाही.

सत्तर वर्षांची असेल. मी शेंगा नालीत टाकल्या.

१८ ऑगस्ट, सोमवार

मॅडमनी तयारी करून घेतली. २५ तारखेला माझी साक्ष आहे.

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो."

"कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"कुठे उभं राहून?"

मी नकाशावर बोट ठेवले. त्या म्हणाल्या, प्रयोगशाळेचा अहवाल आपल्याला फारसा उपयोगाचा नाही, रोशनच्या उभारीवर फक्त बैलाचे रक्त निघाले. बाकीचे साक्षीदार फक्त भांडण सांगतात. सगळे तुमच्यावर आहे. तुम्ही ठाम राहिलात तर जन्मठेप, डगमगलात तर तो महिनाभरात सुटून गावात येईल.

मी म्हणालो, मी डगमगणार नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

आंजीला वहिनींकडे आलो. तिथीने आज वर्ष झाले. श्राद्ध आटोपले. जोडी तोरणात नेली नाही. मार बसलेल्या बैलाच्या नाकावर पांढरा वण आहे. मी जवळ गेलो तर त्याने शिंग उगारले. दुसऱ्या कोणावर उगारत नाही म्हणतात.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

हे आजच लिहायला हवे.

चार वाजता विमान घेऊन देवळापुढे गेलो. पोरे लाकडी बैल ओढत आली होती, झुली, घुंगरू, शिंगांना बेगड. रांगा लावायचे काम नानाजींकडे असते. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली.

"हरिभाऊ, याले शिंगं कुठी हाय?"

"विमान आहे, नानाजी."

"ते दिसते मले. पन बक्षिसाच्या कोनत्या गटात टाकू? चाकं हाय?"

"तीन."

"मंग बैलच हाय. लावा रांगेत."

लोक हसले. मीही हसलो बहुतेक. वर्षभरानंतर. पोरे भोवती जमली. हा पंख असा वाकडा काऊन, म्हणून विचारू लागली. मी त्यांना सांगितले. इतके मी आयुष्यात लोकांसमोर बोललो नव्हतो. मागच्या वर्षी दादा पडला ती जागा दहा पावलांवर होती.

वहिनी हळद आणि लोणी घेऊन आल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लावतात तसे त्यांनी पंखाच्या खिळ्याभोवती लावले. म्हणाल्या, "आपल्या बंडीचं लाकूड हाय." त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

डावे मागचे चाक घसरत होते म्हणून मी विमानाच्या डाव्या अंगाला, पंखाच्या मागे, शेपटाकडे तोंड करून बसलो आणि वाकून दगड लावू लागलो. जयवंताबाई कधी आली ते मला कळले नाही. हात गळ्यात बांधलेला, प्लास्टर. पोरे फिरवत होती तसे तिनेही चांगल्या हाताने उजवे टोक पुढे ढकलले. जोरात.

डावे टोक मागे आले आणि माझ्या उजव्या कानाच्या वर बसले. डोळ्यांपुढे अंधार आला. मी मातीत पडलो. कानातून गरम काहीतरी मानेवर उतरले.

ती घाबरून खाली बसली. "लागलं काय, बापा? म्या तं पुढचंच लोटलं. मांगचं मले दिसलं नाई."

मी पडल्या पडल्या वर पाहत होतो. कागद फाटला होता आणि टोकाशी उभारी उघडी पडली होती. पंख अजून झुलत होता. पुढचे टोक पुढे, मागचे मागे. डाव्या हाताला झटका बसला तो मला आठवला. चाक उजव्या बाजूला होते. बंडीचे चाक माझ्या उजव्या बाजूला होते. ते मी स्वतः नकाशात काढले आहे.

मी ओरडलो. काय ओरडलो ते माहीत नाही. मला एवढेच कळले की मी विमानाच्या नाकावर लाथा घालतो आहे, सांगाडा फुटला आहे, पोरे रडत पळत आहेत आणि नानाजी मला कमरेला धरून म्हणत आहेत, "सोड बे, हरी, सोड." जयवंताबाई जागची हलली नाही. माझा बूट तिच्या गुडघ्याला लागला असावा. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी वहिनींना विचारले. त्या गोठ्यात शेण काढत होत्या. फावडे ठेवले नाही.

"तुमी ती उभारी न्याले आले, तवा मले वाटलं तुमाले माहीत हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी आरतीचं ताट घेऊन येथंच उभी होती. ते तुमाले धराले आलते. 'हरी, थांब बे' म्हनून राह्यलेते. तुमी समोर पाहून राह्यलेते. बैलाले पाहाले त्याईनं मान मांगं फिरवली, तवाच मांगच्या टोकानं लागलं."

"मग पोलिसांना..."

"पोलीस यायच्या आधी म्या पुसली. केस चिकटलेते तिले. पुसली अन् बंडीले खोवून देली." त्या काढतच होत्या. "एक गेलता. दुसरा बी काऊन देऊ?"

"आणि रोशन?"

फावडे थांबले. "बैल मारला त्यानं. सुरुवात त्यानं केली. म्या सोताले तेच सांगत आली."

मी म्हणालो, सुरुवात मी केली. शिवी मी दिली.

त्या म्हणाल्या, "जेवून जा." मग म्हणाल्या, "उद्या काय सांगता ते मले आज नका सांगू."

मी जेवलो. दादाच्या पाटावर त्यांनी मला वाढले. त्या समोर बसून होत्या म्हणून ताट संपवले.

२५ ऑगस्ट, सोमवार

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून लिहितो आहे. शेजारी हवालदार आहे. गाडी यायची आहे. वही काढून घेतली नाही अजून.

सकाळी मोडलेल्या विमानाचा पंख सोडवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घेऊन आलो. मॅडम म्हणाल्या, हे काय? मी म्हणालो, नकाशा चुकला होता.

रोशन पिंजऱ्यात उभा होता. बारीक झाला आहे. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. शपथ झाली. मॅडमनी विचारले, हेमराज यांना कोणी मारले?

मी म्हणालो, मी.

न्यायाधीश साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मला सांगितले की स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नाही, वकील हवा असेल तर थांबा. मी म्हणालो, थांबलो तर पुन्हा जमणार नाही. मग सगळे सांगितले. शिवीपासून. किटली सांगितली, म्हातारीचा हात सांगितला. ते या खटल्यात लागत नाही म्हणाले, तरी सांगितले. वहिनींचे नाव घेतले नाही. उभारी कोणी पुसली असे विचारले तेव्हा, मला सांगता येत नाही म्हणालो. शपथेवर तेवढे एक लपवले.

पंख दोन्ही हातांनी मधोमध धरून फिरवून दाखवला. शिपाई मागे उभा होता, तो पटकन बाजूला झाला. टोकाशी पुट्टी भरली आहे ती दाखवली. आत चीर आहे, चिरेत तुटलेला केस आहे, तो बैलाचा नाही, आमचे बैल पांढरे आहेत, असे सांगितले.

आरोपीच्या वकिलाने दोन पाने प्रश्न लिहून आणले होते. तो उठला आणि काही न विचारता बसला. पिंजऱ्यात रोशन गजांना डोके लावून रडू लागला. "भाऊ" एवढेच म्हणत होता. मला म्हणत होता की दादाला, ते कळले नाही.

बाहेर जयवंताबाई जिन्यावर बसली होती. तिला कोणीतरी सांगितले असावे. मी जवळून गेलो तेव्हा तिने पाय आखडून वाट दिली, एवढेच.

नंतर कारकुनाने पंखाला दोरा बांधला, चिठ्ठी लावली. त्याला वहीत नोंद करायची होती. फाटलेल्या कागदातून आत पाहत म्हणाला, "काय लिहू हो हे? खेळण्यातल्या विमानाचा पंख?"

मी म्हणालो, "उभारी लिहा. तिवसाची. लांबी साडेअठ्ठ्याण्णव सेंटिमीटर."